लिलावाच्या नोंदींवर पार्शल इंडेक्स: बनवण्याआधीची तयारी

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते. मच्छीमार सोसायटीच्या लिलावाच्या नोंदी मोंगोडीबी या डेटाबेसमध्ये असतील, तर पार्शल इंडेक्सची (शोध जलद करणारी, पण ठरावीक अटीत बसणाऱ्या नोंदींचीच सूची) कामं याच काळात उरकावीत, कारण नव्या नोंदी फारशा येत नाहीत. मात्र पावसात वीज जाते, आणि बिल्ड (इंडेक्स बनवण्याचं काम) अर्धवट असताना सर्व्हर अचानक बंद पडला तर ते पहिल्यापासून करावं लागतं. म्हणून आधी यूपीएसची बॅटरी तपासा, डिस्कवर मोकळी जागा पाहा. बिल्डला मुळात 200 एमबी मेमरी मिळते. त्यापुढचं सॉर्टिंग डिस्कवरच्या तात्पुरत्या फायलींत होतं.

आता अट ठरवा. सोसायटीत रोज विचारला जाणारा प्रश्न म्हणजे कोणत्या व्यापाऱ्याकडे किती बाकी आहे. बहुतेक नोंदी चुकत्या झालेल्या असतात, त्यांना इंडेक्समध्ये जागा कशाला द्यायची? कीज, म्हणजे इंडेक्स ज्या फील्डवर (नोंदीतल्या रकान्यांवर) बनतो ती, ‘व्यापारी’ आणि ‘तारीख’; अट ‘बाकी शून्यापेक्षा जास्त’. अट होकारार्थीच मांडावी लागते. समानता, लहान-मोठेपणाच्या तुलना, फील्ड असणं, टाइप आणि ‘अँड’ एवढं मोंगोडीबीच्या 3.2 आवृत्तीपासून चालतं. ‘इन’ आणि ‘ऑर’ 6.0 पासून. ‘नॉट इक्वल’ किंवा ‘फील्ड नसणं’ चालत नाही, त्यामुळे ‘स्थिती चुकती नाही’ अशी अट सर्व्हर नाकारतो. ‘गेले तीस दिवस’ हीसुद्धा जमत नाही: अटीतली तारीख इंडेक्स बनवताना जी दिली तीच कायम राहते. स्पार्स (फील्ड नसलेल्या नोंदी वगळणारा इंडेक्स) आणि पार्शल हे पर्याय एकत्र देता येत नाहीत.

यानंतरचा भाग सगळ्यात महत्त्वाचा, इथे घाई नको. ‘बाकी’ या फील्डचे टाइप मोजा. फॉर्ममधून आलेली रक्कम स्ट्रिंग म्हणून साठली असेल तर ‘500’ ही नोंद ‘शून्यापेक्षा जास्त’मध्ये बसतच नाही, कुठलीही एरर न येता ती इंडेक्सबाहेर राहते आणि उधारीच्या यादीतूनही गायब होते. सगळ्या रकमा पैशांत, पूर्णांकात बदलून घ्या. अटीत बंदराचं नाव घालणार असाल तर तेही टाळा: ‘मिऱ्या’ हे नाव कुणी ‘ऱ’ वापरून टंकतो, कुणी ‘र’, हलंत आणि अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर फरक जाणवत नाही, पण बाइट वेगळे, म्हणून समानता फसते. बंदरांना अंकी कोड द्या.

नौकेच्या नोंदणी क्रमांकावर युनिक (तोच क्रमांक दुसऱ्यांदा न स्वीकारणारा) इंडेक्स हवा असेल तर ‘फील्ड आहे’ ही अट पुरत नाही. नल (मूल्य नसल्याची खूण) असलेली फील्डही ‘आहे’मध्ये मोजली जाते, आणि गो या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या स्ट्रक्टमध्ये (नोंदीच्या साच्यात) ‘ओमिटएम्प्टी’, म्हणजे रिकामं फील्ड साठवू नये ही खूण, नसेल तर रिकामी स्ट्रिंग साठते. अशी दुसरी नोंद येताच 11000 ही डुप्लिकेट एरर. त्याऐवजी ‘रिकाम्या स्ट्रिंगपेक्षा मोठी’ अशी अट द्या. खरे दुहेरी क्रमांक ॲग्रिगेशनने (नोंदींचे गट करून मोजणाऱ्या क्वेरीने) आधीच शोधून मिटवा, नाहीतर बिल्डच फसेल.

ड्रायव्हरकडे, म्हणजे प्रोग्रॅमला मोंगोडीबीशी जोडणाऱ्या लायब्ररीकडे वळू. गोमध्ये ‘इंडेक्समॉडेल’ या स्ट्रक्टला दोनच फील्ड आहेत, कीज आणि ऑप्शन्स. कीज क्रमवार ‘बीसन डी’मध्येच द्या, एकाहून अधिक कीजचा मॅप ड्रायव्हर स्वीकारत नाही, कारण मॅपला क्रम नसतो. अट ऑप्शन्समध्ये, ‘सेटपार्शलफिल्टरएक्स्प्रेशन’मधून जाते. सी शार्पमध्ये ही प्रॉपर्टी फक्त जेनेरिक ‘क्रिएटइंडेक्सऑप्शन्स’वर आहे, साध्यावर शोधत बसू नका. नाव स्वतः द्या: आपोआप तयार होणारं नाव कीजवरूनच बनतं, त्यात अट नसते. त्याच नावाने वेगळी अट दिली की 85 किंवा 86 क्रमांकाची एरर येते.

अट एकाच ठिकाणी लिहा आणि इंडेक्स बनवणारा कोड व क्वेरी दोन्हीकडे तीच वापरा. क्वेरीत इंडेक्सची अट किंवा त्याहून कडक अट असेल तरच प्लॅनर (क्वेरीसाठी इंडेक्स निवडणारा सर्व्हरचा भाग) हा इंडेक्स घेतो. ‘बाकी 500 पेक्षा जास्त’ चालेल. ‘शून्य किंवा जास्त’ला चालणार नाही, कारण शून्याच्या नोंदी इंडेक्समध्ये नाहीतच. नुसतं व्यापाऱ्याचं नाव दिलं तरीही चालणार नाही.

बिल्ड झाल्यावर क्वेरीवर एक्सप्लेन (ती कशी चालली ते दाखवणारी आज्ञा) चालवा. ‘आयएक्सस्कॅन’ या इंडेक्स वाचण्याच्या टप्प्याखाली ‘इजपार्शल’ ट्रू दिसलं पाहिजे, आणि तपासलेल्या नोंदी परत आलेल्या नोंदींच्या जवळपास असल्या पाहिजेत. पुढे अट बदलायची झाली तर आहे त्या इंडेक्समध्ये ती बदलता येत नाही. 5.0 पासून त्याच कीजवर वेगळ्या अटीचा दुसरा इंडेक्स वेगळ्या नावाने बनवता येतो. तो बनवा, जुना हाइड करा, म्हणजे प्लॅनरपासून लपवा (ही सोय 4.4 पासून आहे), अहवाल हळू पडत नाहीत ना ते पाहा आणि मग जुना ड्रॉप करा. हाइड करून सोडून देऊ नका: लपवलेला इंडेक्सही प्रत्येक नोंदीबरोबर लिहिला जातो आणि युनिक असेल तर अडवतोही.