ग्वाल्हेरच्या थंडीत घोड्याचे खूर कसे सांभाळावेत

खूर सडणं हा पावसाळ्याचा रोग, दसरा झाला की काळजी मिटली, असं मला ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या कितीतरी घोडेवाल्यांनी सांगितलं. हे चूक आहे. माझ्या घोडीचे खूर सडले ते जानेवारीत. तिला थंडी लागू नये म्हणून मी तबेल्याच्या खिडक्या पोत्यांनी गच्च बांधल्या होत्या. खालचा भुसा मुतानं भिजायचा आणि धुक्यामुळे आठ-आठ दिवस ऊन नसल्यानं वाळायचाच नाही. त्या ओलीत ती रात्रंदिवस उभी असायची.

खूर रोज साफ करायचे, शक्यतो सकाळ-संध्याकाळ. पुढचा पाय उचलताना तोंड शेपटीकडे करून खांद्याशी उभे राहा, हात खाली सरकवत न्या आणि नळीमागची शीर हलकेच दाबा. मागच्या पायाला अंगाशी चिकटूनच उभे राहा, कारण हातभर अंतरावर लाथ पुऱ्या जोरानं बसते.

खूर कोरायचा लोखंडी आकडा नेहमी टाचेकडून पुढे ओढायचा. तळव्यावर रबरासारखी त्रिकोणी गादी असते. तिच्या दोन्ही बाजूंच्या खाचा सगळेच साफ करतात. मीही करत होतो आणि तिथेच फसलो. रोग बसला होता गादीच्या मधल्या चिरेत, टाचेजवळ. निरोगी चीर उथळ आणि पसरट असते, तिच्यात अंगठा सहज टेकतो. सडकी चीर अरुंद आणि खोल होते, वरून मिटलेली दिसते. म्हणून नुसतं बघून भागत नाही. गॉजची पट्टी चिरेत फिरवा आणि तिचा वास घ्या. काळा चिकट मळ आणि कुजका वास आला, तर शंका ठेवू नका.

माझी घोडी टाच टेकायची टाळून खुराच्या टोकावर पाय टाकत होती. दुखणं खांद्यात आहे असं समजून मी तीन आठवडे तिचा खांदा चोळत बसलो. मग कुणीतरी गाडीचं जळकं ऑइल खुरात भरायला सांगितलं, आणि मी भरलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं. सडवणारे जंतू हवा नसते तिथेच फोफावतात. वरून तेल, ग्रीस, डांबर लावणं म्हणजे त्यांना आत कोंडून पोसणं. हा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका, तो कितीही जुना जाणकार असो.

गुण आला तो साध्या उपायानं. कोमट साबणपाण्यानं ब्रश करा. मग गॉजनं पूर्ण कोरडं करा, ही पायरी गाळू नका. चहाच्या रंगाइतकं पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन पट्टीला लावून ती चिरेत हलकी बसवा आणि रोज बदला. आम्हाला दीड महिना लागला. सुटलेली मेलेली कातडी नालबंद काढील, पण जिवंत गादीला त्याला सुरी लावू देऊ नका. रक्त आलं, पाय सुजला किंवा लंगडणं वाढलं तर लगेच पशुवैद्य बोलवा. तळव्यात खिळा घुसला असेल तर उपटू नका, तो किती खोल आणि कोणत्या दिशेनं गेलाय हे डॉक्टरांना दिसायला हवं. घोड्याला धनुर्वात फार चटकन होतो, त्याची लस चुकवू नका.

नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी हवाच. खूर महिन्याला 6 ते 10 मिलिमीटर वाढतो, पूर्ण नवा यायला साधारण वर्ष लागतं. म्हणजे एकदा वाईट कापला की ते महिनोन्महिने भोगावं लागतं.

ओला भुसा दिवसातून दोनदा उचला. वरची खिडकी उघडी ठेवा. घोडा मान खाली घालून खातो, तेव्हा तुम्हीही गुडघ्यावर बसून तिथली हवा हुंगा. नाकाला झोंबली तर तबेला कोंडलाय. 1905 साली गुराढोरांचा म्हणून सुरू झालेल्या आपल्या ग्वाल्हेरच्या मेळ्यातून मी पहिल्या हिवाळ्यात सगळ्यांत जाड झूल आणली होती. ती एकदा भिजली की दोन दिवस ओलीच राहायची. पातळ पण कोरडी झूल बरी, आणि घामेजल्या अंगावर तर कोणतीच नको.

थंडी वाढली की चंदी, म्हणजे दाणा, नव्हे, वैरण वाढवा. वैरण आतड्यात आंबताना अंगात ऊब धरते. पाणी कोमट द्या, चंदीत दोन चमचे मीठ घाला. गार पाणी घोडा कमी पितो आणि मग वैरणीतल्या कोरड्या भुशानं पोटशूळ उठतो.

लग्नसराईत घोडी रात्री उशिरा वरातीहून येते. रस्त्यावरच्या काचा आणि खिळे तिच्या पायांबरोबर आलेले असतात. बॅटरी धरून चारही खूर बघा, मगच तोबरा चढवा.