खापरपणजोबांचा शोध घ्यायचाय? आडनाव बाजूला ठेवा, गाव धरा

घराण्याचा शोध घ्यायचा म्हटलं की पहिल्यांदा आडनाव टाकून इंटरनेट धुंडाळलं जातं. हाती फारसं लागत नाही, कारण एकोणिसाव्या शतकातली आपली बहुतेक दप्तरं गाववार लावलेली आहेत. म्हणून आधी मूळ गाव आणि तालुका पक्का करा. आमचे खापरपणजोबा सासवडहून पुण्यात, कसब्यात आले, एवढंच आजीला ठाऊक होतं. तेवढ्यावर पुढचं सगळं उभं राहिलं.

सुरुवात घरच्या श्राद्धापासून करा. तिथे तीन पिढ्यांची नावं गोत्रासकट घेतात. महालयाची, म्हणजे पितृपक्षातल्या श्राद्धाची, जुनी यादी एखाद्या वहीत सापडली तर चुलते, आत्या, मामा, मावश्या सगळे भेटतात. शिवाय श्राद्धाची तिथी बहुधा मृत्यूचीच असते, वर्ष तेवढं शोधायचं उरतं. सांगली-कोल्हापूरकडची मुळं असतील तर गावात येणाऱ्या हेळव्यांना गाठा, त्यांच्याकडे वंशावळी असतात.

नातवाला आजोबांचं नाव ठेवायची चाल असल्यानं रामचंद्र महादेव, महादेव रामचंद्र, पुन्हा रामचंद्र महादेव अशी साखळी लागते आणि दोन माणसं एक होऊन जातात. प्रत्येक नावापुढे शक लिहाच. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पौष-माघ-फाल्गुनातली तारीख जानेवारीतली किंवा नंतरची असेल तर ७९. म्हणजे शके १८०० चा माघ १८७९ मध्ये पडतो. कागदावर नुसतं ‘बहुधान्य संवत्सर’ असेल तर जपून, कारण संवत्सराचं नाव साठ वर्षांनी परत येतं. बहुधान्य शके १८०० ला होतं, तसंच शके १७४० ला, म्हणजे पेशवाई बुडाली त्या १८१८ सालीही होतं.

मग नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर. तीर्थोपाध्यायांना गाव आणि आडनाव सांगा, ते आपल्या घराण्याची वही काढतात. यात्रेला आलेल्या माणसानं स्वतःच्या हातानं बाप, भाऊ, मुलं यांची नावं लिहिलेली असतात. पूर्वजाचं अक्षर पाहायला मिळण्याची याहून चांगली जागा मला माहीत नाही.

सरकारी कागदांत माझा सगळ्यात भरवसा कोतवाल बुकावर, म्हणजे गाव नमुना १४ वर. गावातले जन्म-मृत्यू त्यात आहेत. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव आणि अंदाजे साल लिहून अर्ज द्या, नक्कल मागा. मुलाचं नाव शोधत बसू नका. बारसं व्हायच्या आधीच नोंद झालेली असते, म्हणून बापाचं नाव धरूनच वाचावं लागतं: ‘सखाराम बिन तुकाराम यास मुलगा’. ‘बिन’च्या पुढचा तो सखारामचा बाप, म्हणजे मुलाचा आजोबा. मृत्यूच्या रकान्यात ताप, पटकी (कॉलरा), देवी असं कारण दिसतं, आणि एकाच आठवड्यात एकाच घरातली तीन नावं पटकीखाली दिसली की पान उलटवत नाही.

हे सारं बहुतेक मोडी लिपीत. मोडी शिकाच. आधी आडवी रेघ ओढून लेखणी न उचलता लिहिलेलं असतं, शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. म्हणून आधी घराण्यातली आणि गावाची नावं स्वतः मोडीत लिहून हात बसवा, मग ती कागदावर आपोआप डोळ्यांत भरतात. सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ, १९१० पासूनचं, या कामी आपल्या पुणेकरांच्या हाताशी आहे.

घराण्याकडे इनाम किंवा वतन होतं? मग पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर गाठा. कागद कापडी रुमालांत बांधलेले आहेत. इंग्रजांच्या इनाम कमिशनच्या चौकशीत हक्क सिद्ध करायला लोकांनी कैफियती दिल्या, त्यांत वंशावळी सापडतात. मात्र वंशावळ हक्कासाठी दिलेली आहे हे ध्यानात ठेवा. वाटा नसलेला भाऊ तिच्यात नसेलही.

आणि बायका. वंशवृक्षात त्यांच्या जागी रेघ मारून मोकळं होणं मला अजिबात पटत नाही. मृत्यूच्या नोंदीत ‘भ्रतार’ हा शब्द शोधा, त्याच्या पुढे नवऱ्याचं नाव असतं. लग्नात नाव बदललेलं, त्यामुळे माहेरचं नाव सासरच्या कागदात मिळणं कठीण. त्यासाठी तिच्या माहेरच्या गावाची तीर्थोपाध्यायांची वही वेगळी मागायची.