पहिला कॅच कॅन बसवताना

मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या एका वर्कशॉपमध्ये मी कामाला लागलो आणि पहिल्याच महिन्यात एका डिझेल पिकअपचा इंटेक मॅनिफोल्ड खोलायचं काम हाती आलं. इथे पिकअपला ‘यूट’ म्हणतात. आत बोट फिरवलं तर काळा लगदा निघाला, डांबरात ग्रीस कालवावं तसा. हवेची वाट निम्म्याहून जास्त बुजली होती. कराडच्या गॅरेजात असताना काजळी मी भरपूर खरवडली होती, पण ती कोरडी असायची. हा चिकटपणा कुठून आला, हे समजलं तेव्हा कुठे कॅच कॅन, म्हणजे इंजिनातल्या गॅसातलं तेल अडवणारा डबा, कशासाठी असतो ते मला कळलं. म्हणून आयटीआय करून इकडे ऑस्ट्रेलियात सर्टिफिकेट थ्री या मेकॅनिकच्या कोर्ससाठी येणाऱ्या किंवा गावाकडेच गॅरेजात हात बसवणाऱ्या मुलांसाठी हे सविस्तर लिहितो आहे.

रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी सिलेंडरमधला थोडा गॅस पिस्टनच्या कडेने खाली चेंबरमध्ये, म्हणजे क्रँककेसमध्ये उतरतोच. आपले मिस्त्री त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. या गॅसात तेलाचे बारीक तुषार असतात, पाण्याची वाफ असते. तो आत कोंडू द्यायचा नसतो, म्हणून टॅपेट कव्हरवरून ब्रीदरचा पाइप निघतो आणि टर्बोच्या आधी हवेच्या पाइपला जोडलेला असतो. गॅस टर्बोतून, इंटरकूलरमधून परत इंजिनात जातो. दुसऱ्या बाजूने ईजीआर, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी यंत्रणा, सायलेन्सरकडची काजळी आणून त्याच मॅनिफोल्डमध्ये सोडते. तेलावर काजळी बसली की झाला लगदा. कॅच कॅन या ब्रीदरच्या वाटेत बसतो. आतल्या जाळीवर तुषार आदळतात, एकमेकांना चिकटून थेंब होतात आणि तळाशी साचतात, आणि बऱ्यापैकी कोरडा गॅस पुढे जातो. ईजीआरची काजळी मात्र त्याने थांबत नाही. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगा.

आणि बसवण्याआधी इंजिन बघा. गरम इंजिन आयडलवर ठेवून ऑइल फिलरचं झाकण सैल करून नुसतं वर टेकवा. ते थोडं थरथरलं तर ठीक, पण उडायला लागलं आणि खालून धुराचे भपके आले, तर रिंगा किंवा टर्बो तपासायची वेळ आली आहे. प्रेशर मोजायचं गेज असेल तर त्यानेच मोजा, आणि आकडा जॉब कार्डवर लिहून ठेवा. काम झाल्यावर पुन्हा मोजता येतो. थकलेल्या इंजिनाला कॅन लावून गिऱ्हाइकाचे पैसे घेणं मला पटत नाही.

कॅन जागेवर चढवायला तासभर पुरतो. खरं काम होजचं आहे, आणि माझी चूकही तिथेच झाली. दुसऱ्याच गाडीला होज थोडा कमी पडला म्हणून मी रॅकवरचा हीटरचा होज कापून लावला. मापाला अगदी बरोबर बसला. चार महिन्यांनी गाडी परत आली ती डिपस्टिकच्या तोंडाशी तेल पाझरत होतं म्हणून. क्लिप सोडली तर होज भिजलेल्या भाकरीसारखा लिबलिबीत झाला होता, आणि टर्बोच्या ओढीने मधोमध चपटा पडला होता. ब्रीदरची वाट आवळली गेली, चेंबरमध्ये प्रेशर वाढलं आणि तेलाने मिळेल ती फट धरली. कूलंटचा होज ईपीडीएम रबराचा असतो. त्याला पाणी चालतं, तेल चालत नाही. तेल लागलं की तो फुगतो आणि मऊ पडतो. फोरमनने तो तुकडा माझ्या हातात दिला आणि बाहेरच्या अंगावरची छपाई वाचायला लावली : एसएई जे २०. म्हणजे कूलंटचा. तेलासाठी नायट्राइल रबराचा, तेलाला चालतो असं छापलेला होज घ्यायचा. तेव्हापासून छपाई वाचल्याशिवाय मी होजला सुरी लावत नाही.

दुसरी गोष्ट उताराची. इंजिनाकडून कॅनकडे होज सलग उतरता हवा, मध्ये पोट पडता कामा नये. पोट पडलं की तिथे पाणी साचतं, आणि थंडीत तेच वाट अडवतं. शिवाय कॅन बॉडीला बांधलेला असतो आणि इंजिन माउंटिंगवर हलत असतं. सुरू-बंद करताना ते केवढा झोका घेतं ते एकदा बॉनेट उघडून पाहा, म्हणजे होजला किती ढील द्यायची ते कळेल. वायरिंगला घासेल तिथे आवरण घाला, टर्बो आणि एक्झॉस्टपासून अंतर ठेवा. कॅनवरची आत-बाहेरची खूण दोनदा बघा. प्लास्टिकच्या नळीवर क्लिप जीव खाऊन आवळू नका, नळी तडकते.

ब्रीदर उघड्यावर सोडून कॅन नुसताच लटकवलेल्या गाड्याही दिसतात. रस्त्यावरच्या गाडीला ते करू नका. तो गॅस हवेत जाऊ नये म्हणूनच कंपनी ती वाट बंद करून देते. आणि ब्रीदरला बूच तर कधीच मारायचं नाही, सील जातील. गाडी वॉरंटीत असेल तर कॅन कंपनीचा भाग नाही आणि त्यावरून वाद होऊ शकतो, हेही मालकाला आधी सांगा.

पेट्रोलची गोष्ट थोडी वेगळी. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये पडतं, त्यामुळे इंटेक व्हॉल्व्हची पाठ धुतली जात नाही आणि तेल तिथे भाजून कार्बन धरतो. तिथे पीसीव्हीची, म्हणजे चेंबरमधला गॅस परत इंजिनात ओढणारी नळी मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमवर असते, त्यामुळे एक क्लिप सैल राहिली तरी आयडल वरखाली व्हायला लागतो.

काम झालं की गाडी देताना मालकाला कॅनचा नळ स्वतःच्या हाताने उघडायला लावा. सुरुवातीला हजार किलोमीटरवर बघायचं, मग किती साचतं त्यावरून अंतर ठरवायचं. निघालेलं तेल परत इंजिनात ओतायचं नाही, जुन्या तेलाच्या ड्रममध्ये टाकायचं. गेल्या जुलैत, म्हणजे इकडच्या ऐन थंडीत, एक गिऱ्हाईक काचेच्या बरणीत दुधाळ चहाच्या रंगाचं पाणी घेऊन आलं. हेड गॅस्केट जाऊन कूलंट तेलात मिसळलं असं वाटून बिचाऱ्याचा चेहरा उतरला होता. मी कूलंटची पातळी पाहिली, डिपस्टिक पुसून पाहिली, दोन्ही स्वच्छ. मग विचारलं, गाडी रोज किती चालते? म्हणाला, शाळा आणि दुकान, चार किलोमीटर. इंजिन तापायच्या आत बंद होत होतं, आणि वाफेचं पाणी कॅनमध्ये तेलाशी घुसळलं जात होतं. त्याला आठवड्यातून एकदा हायवेवर अर्धा तास गाडी चालवायला सांगितलं आणि बरणी ड्रममध्ये रिकामी करून धुऊन परत दिली.