फरशी बसायच्या आधी बघून घ्या: प्लंबर, गॅसवाला आणि ड्रेनेजवाला निवडताना

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर नवीन बाथरूम काढलं तेव्हा सासूबाईंनी पहिली बादली ओतली आणि पाणी नहाणी ट्रॅपकडं (जमिनीतलं जाळीचं भोक, त्यात साठलेलं पाणी गटाराचा वास अडवतं) जायचं सोडून निवांत दाराकडं निघालं. मी तिथंच डोक्याला हात लावला. प्लंबर म्हणे ट्रॅप बरोबर लेव्हलला होता, फरशीवाल्यानं ढाळच दिला नाही. फरशीवाला म्हणे ट्रॅपच वर बसवलाय तर मी ढाळ कुठून काढू. दोघंही दोघांच्या जागी बरोबर आणि आम्ही मात्र सहा फरश्या फोडून पुन्हा बसवल्या, त्याच रंगाच्या मिळाल्या नाहीत म्हणून अजून तो कोपरा वेगळाच दिसतो.

त्यावरनं जे शिकले ते लिहिते. या कामातली सगळी गंमत अशी आहे की जे महत्त्वाचं आहे ते भिंतीत नाहीतर जमिनीत जातं आणि दिसतो फक्त चकचकीत नळ. म्हणून माणूस निवडताना माझं पहिलं बघणं एकच असतं, काम झाकायच्या आधी दाखवायला हा तयार आहे का. "मॅडम, टेन्शन घेऊ नका, वीस वर्षं करतोय" असं म्हणून जो विषय उडवतो त्याला चहा पाजायचा आणि पाठवून द्यायचं.

आता, एकच माणूस पाणी, गॅस आणि ड्रेनेज तिन्ही करतो म्हणाला तरी तिन्ही देऊ नका. पाण्याच्या लाइनला प्लंबर ठीक. महापालिकेचं नवीन नळ कनेक्शन असेल तर परवाना असलेलाच प्लंबर लागतो, तेवढं आधी विचारून घ्या नाहीतर फॉर्म परत येतो. गॅसचं वेगळंच आहे, त्यावर खाली लिहिते. आणि ड्रेनेजला असा माणूस लागतो ज्याला खोदाई आणि ढाळ कळतो, तो बऱ्याचदा प्लंबर नसून जुना गवंडी असतो.

माणूस शोधायचा कुठं? हार्डवेअरच्या दुकानात विचारलं की दहा नंबर मिळतात, पण दुकानदार आणि प्लंबरचं आपसात काहीतरी टक्केवारीचं असतं हे गृहीतच धरा, त्यात वाईट काही नाही फक्त मटेरियल कुठनं घ्यायचं ते आपण ठरवायचं. मला त्यापेक्षा बरं वाटतं ते म्हणजे चार-पाच वर्षांपूर्वी बांधलेल्या शेजारच्या घरात जाऊन विचारणं. नवीन घराचं सगळंच चांगलं दिसतं, ओल यायला दोन पावसाळे जावे लागतात. काय विचारायचं? "कोणी काम केलं" एवढंच नाही, "नंतर बोलावलं तर आला का" हे विचारा, उत्तर त्यातच मिळतं.

रेटचं बोलताना बहुतेकजण पॉइंटवर सांगतात, म्हणजे नळाचा एक, गिझरचा दोन असं. किंवा बाथरूमला उक्तं. नुसतं लेबर की मटेरियलसकट, भिंतीत झिरी मारणं (पाइपसाठी खाच पाडणं) आणि नंतर बुजवणं त्यात आहे का, मलबा कोण उचलणार, हे सगळं आधी बोला. आमच्याकडं मलब्यावरनं जेवढी भांडणं झाली तेवढी पाइपवरनं नाही झाली. बोललेलं व्हॉट्सअॅपवर टाकून ठेवा, त्यानं "हो" लिहिलं की झालं, वेगळा कागद करायची गरज नाही. हजेरीवर काम दिलं तर काम लांबतं, उक्तं दिलं तर घाई होते, मला विचाराल तर छोट्या दुरुस्तीला हजेरी आणि नवीन बाथरूमला उक्तं बरं.

पाइपची थोडी माहिती आपल्याला असावी. गरम पाण्याला सीपीव्हीसी, तो क्रीम रंगाचा असतो आणि त्यावर आयएस १५७७८ (आयएस म्हणजे भारतीय मानकाचा नंबर) लिहिलेलं असतं. पांढरा यूपीव्हीसी फक्त गार पाण्याला, गरम पाण्यावर तो मऊ पडतो. दोन्हीचं सोल्युशन, म्हणजे जोड चिकटवायचा डिंक, वेगवेगळं असतं. डबा उघडून एकाच सोल्युशननं दोन्ही चिकटवताना दिसला तर तिथंच थांबवा, जॉइंट लगेच काही होत नाही पण वर्षभरानं बेडरूमच्या भिंतीला पोपडे येतात आणि तेव्हा कोण प्लंबर आणि कुठला फोन. सांडपाण्याला एसडब्ल्यूआर नावाचा पाइप, त्यावर आयएस १३५९२. पाइप आल्यावर अंगावरचं छापील स्वतः वाचा, एवढ्यानंच समोरचा नीट वागायला लागतो!

लाइन टाकून झाली की प्लास्टरच्या आधी टेस्टिंग करायला लावा. हातपंपासारखं मशीन असतं, त्यावर मीटर असतो. सगळे पॉइंट प्लग लावून बंद करायचे, लाइनीतली हवा काढून पाणी भरायचं, १० किलोपर्यंत (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १० किलो) प्रेशर चढवायचं आणि रात्रभर सोडून द्यायचं. जॉइंट नीट वाळल्यावर करायचं हे, म्हणजे दुसऱ्या दिवशी. सकाळी काटा बराच खाली आला असेल तर कुठंतरी गळतंय. मशीन नाही म्हणाला तर भाड्यानं आण म्हणायचं. आणि टेस्ट झाली की भिंतीला टेप धरून फोटो काढून ठेवा, कोपऱ्यापासून किती आणि जमिनीपासून किती. आमच्या दिरांनी तीन वर्षांनी आरशासाठी भोक पाडलं तेव्हा हाच फोटो कामाला आला.

शॉवरचं एक सांगते कारण यात लई लोक फसतात. वरच्या मजल्याच्या बाथरूमला टाकी डोक्यावरच असते. पाण्याची उंची १० मीटर असेल तर साधारण १ किलो प्रेशर मिळतं, आपली टाकी शॉवरच्या दोन मीटर वर म्हणजे जेमतेम पाव किलोसुद्धा नाही. मोठा रेन शॉवर घेऊन प्लंबरला शिव्या घालण्यात अर्थ नाही. टाकी उंच करा नाहीतर प्रेशर पंप लावा, आणि हे शॉवर घ्यायच्या आधी सांगणारा प्लंबर मिळाला तर त्याला सोडू नका.

गॅसला मात्र ओळखीचा, स्वस्तातला, "मी लावून देतो" वाला अजिबात नको. सिलिंडरचं काम आपल्या गॅस एजन्सीच्या मेकॅनिककडनं आणि पाइप गॅस असेल तर त्या कंपनीच्याच माणसाकडनं, ओळखपत्र बघून. रबरी नळी एजन्सीचीच घ्या, त्यावर आयएस ९५७३ आणि तारीख छापलेली असते, ५ वर्षांनी बदलायची, दीड मीटरपेक्षा लांब नको आणि मध्ये जोड तर नकोच. सुतार लोक नळी कपाटाच्या मागनं किंवा भिंतीतनं आरपार काढतात, दिसायला छान पण तिला उंदीर लागला तर कळणार कसं? एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली साचतो, म्हणून सिलिंडर बंद कपाटात ठेवायचा असेल तर खाली जाळी पाहिजे. गळती बघायची ती साबणाच्या फेसानं, काडी पेटवून नाही, हे लिहावं लागतंय यातच सगळं आलं. वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, लाइटच्या बटणाला हात नाही, बाहेर जाऊन १९०६ या गॅस गळतीच्या हेल्पलाइनला फोन. आणि गॅस गिझर बाथरूमच्या आत लावतो म्हणणाऱ्याला घरात घेऊच नका. बंद बाथरूममध्ये त्यातनं कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नसतो आणि माणूस आतच पडतो.

आता ड्रेनेज. ४ इंची पाइपला साधारण ४ फुटाला १ इंच ढाळ लागतो, दोरी आणि लेव्हल ट्यूब (पाणी भरलेली पारदर्शक नळी) लावून मोजायला सांगा, "अंदाज आहे मला" चालत नाही. आपल्याकडं नदीकाठची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, तिच्यात पाइप तसाच पुरला तर दोन वर्षांत मध्येच पोट येतं आणि तिथं घाण साचते. खाली मुरूम आणि क्रश सँडचा थर हवाच. व्हेंट पाइप, म्हणजे हवा जायचा पाइप, वर गच्चीपर्यंत न्या, नाहीतर फ्लश केल्यावर ट्रॅपमधलं पाणी ओढून जातं आणि मग वास आणि झुरळं. बुजवायच्या आधी बादलीत नीळ कालवून वरनं ओता आणि चेंबरपाशी उभं राहून बघा, किती वेळात आणि सगळं येतंय का. सांगलीत हळदीला तोटा नाही पण हळद घालू नका, फरशी पिवळी होते.

गावभाग किंवा कुठल्याही खोलगट भागात तळमजला असेल तर बाहेर जाणाऱ्या पाइपला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप) बसवून घ्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेचं पाणी रस्त्यावरनं यायच्या आधी काही घरांत संडासातनं वर आलं होतं. घर पाण्याखाली गेलं तर व्हॉल्व्ह काय करणार, पण गटार तुंबून उलटं येतं ते अडतं. मात्र पूर ओसरल्यावर प्लंबर मिळत नाही, आठ-आठ दिवस नंबर लागतो, म्हणून हे मे महिन्यातच उरका. व्हॉल्व्ह चेंबरमध्ये असा बसवायला सांगा की झाकण उघडून साफ करता येईल.

सेप्टिक टँक उपसायला माणूस आत उतरवू नका, त्यानं तयारी दाखवली तरीही. सुरक्षा साधनांशिवाय उतरवणं २०१३ च्या कायद्यानं बंद आहे आणि आतल्या वायूनं एकामागोमाग एक माणसं जातात. सक्शनची गाडी बोलवा, १४४२० हा त्यासाठीचा हेल्पलाइन नंबर आहे.

पैशाचं म्हणाल तर सुरुवातीची उचल थोडी, टेस्टिंग झाल्यावर मोठा हप्ता आणि थोडे पैसे महिनाभर मागं ठेवायचे, हे पहिल्याच दिवशी सांगून. महिनाभरात सगळे नळ, फ्लश, गिझर रोज वापरून झाले आणि कुठं ओल नाही दिसली की उरलेले पैसे त्याच दिवशी द्या. आमच्या दुसऱ्या प्लंबरला तसे दिले, तर तो येऊन किचनचा गळका कॉक फुकट बदलून गेला.