पूर आला त्याच्या आदल्या सोमवारी: जुन्या तारखेचा वार आणि त्या दिवसाची हकिकत कशी शोधायची

माझ्या मावशीचा वाढदिवस कागदोपत्री १ जूनला येतो. तिच्या वयाच्या निम्म्या महाराष्ट्राचा तो १ जूनलाच येतो म्हणा. शाळा जूनमध्ये उघडायच्या, मूल दाखल करायला आलेल्या आईबापांना जन्मतारीख आठवायची नाही, मग गुरुजी रजिस्टरात १ जून घालून मोकळे व्हायचे. मावशीच्या दाखल्यावर १ जून १९६१ आहे. आजी मात्र शेवटपर्यंत एकच सांगायची: "पानशेतचा पूर आला त्याच्या आदल्या सोमवारी झाली ही."

आजीच्या त्या एका वाक्यात तारीख शोधायला लागतं ते सगळं आहे, एक घटना आणि एक वार. तारीख लोक विसरतात, आकडे उलटसुलट होतात, पण वार सहसा चुकत नाही. सोमवारचा उपास, गुरुवारचा दत्त, गावचा आठवडी बाजार, कारखान्याची सुट्टी अशा खुंट्यांना तो अडकवलेला असतो. त्यामुळे जुनी तारीख हातात आली की पहिल्यांदा तिचा वार काढायचा आणि लोकांच्या आठवणीशी जुळतो का ते पाहायचं.

सोपा मार्ग अर्थात फोन. कॅलेंडर मागे सरकवत न्या किंवा तारीख टाकून शोधा, वार समोर येतो. विसाव्या शतकातल्या तारखांना हे पुरतं. एक्सेलमध्ये करणार असाल तर जरा जपून. त्यात १९०० हे लीप वर्ष धरलेलं आहे, जे ते नव्हतं. त्यामुळे १ मार्च १९०० च्या आधीचे वार तिथे चुकतात, आणि १९०० च्या मागची तारीख तर एक्सेल तारीख म्हणून घेतच नाही.

तरी हाताने वार काढता यावा असं मला वाटतं. जुन्या वाड्यात कुणा आजोबांशी बोलत बसलेलं असताना मध्येच फोन काढला की गप्पांचा धागा तुटतो. रीत अशी.

बारा महिन्यांचे बारा आकडे पाठ करा. फोन नंबरसारखे तीन-तीनच्या गटात म्हणायचे: ०३३, ६१४, ६२५, ०३५. जानेवारीचा ०, फेब्रुवारीचा ३, मार्चचा ३, एप्रिलचा ६ असं डिसेंबरच्या ५ पर्यंत. शतकाचेही आकडे असतात: सतराशेच्या वर्षांना ४, अठराशेला २, एकोणीसशेला ०, दोन हजारला ६.

आता आजीचा सोमवार. पूर आला बुधवारी, १२ जुलै १९६१ ला, म्हणून १० जुलै तपासू. वर्षाचे शेवटचे दोन आकडे ६१. त्याला चारने भागा, १५ येतात, बाकी सोडून द्या. तारीख १०. जुलैचा आकडा ६. शतकाचा शून्य. बेरीज ९२. तिला सातने भागा; तेरा साते एक्याण्णव, बाकी उरली १. रविवार ०, सोमवार १, मंगळवार २ असं मोजायचं. म्हणजे सोमवार. आजी बरोबर होती.

रजिस्टरातला १ जून १९६१ याच रीतीने करून पाहा: ६१, १५, १ आणि जूनचे ४ मिळून ८१. बाकी ४, गुरुवार. सोमवारशी त्याचा काही संबंध नाही.

लीप वर्षात जानेवारी किंवा फेब्रुवारीची तारीख असेल तर बेरजेतून एक वजा करायचा. इथे हमखास गफलत होते, म्हणून एक उदाहरण. बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ चा. ३२, ८, ६, जानेवारीचा ० आणि शतकाचे २ मिळून ४८. १८३२ लीप वर्ष, म्हणून ४७. बाकी ५, शुक्रवार. १९०० आणि १८०० ही लीप वर्षं नव्हती, २००० होतं, हेही लक्षात असू द्या.

वार जुळला म्हणजे काम झालं असं नाही. सातातला एक वार योगायोगानेही जुळतो. दुसरा साक्षीदार हवा आणि आपल्याकडे तो तयारच असतो: तिथी. आजी सांगायची, पुराच्या रात्री पुण्यात दिवे नव्हते आणि वर अमावस्या. त्या वर्षीचं पंचांग मिळालं तर उत्तमच. नाही मिळालं तर एक जुनी युक्ती वापरा. दर १९ वर्षांनी तिथ्या जवळजवळ त्याच इंग्रजी तारखेला परत येतात, फार तर एखादा दिवस इकडेतिकडे. २००६ ची गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२५ चीही २७ ऑगस्टलाच. १९६१ मध्ये १९-१९ मिळवत गेलं की १९८०, १९९९, २०१८ ही वर्षं लागतात. २०१८ चं कॅलेंडर शोधायला काहीच कष्ट नाहीत. जुलै काढा, अमावस्या १२-१३ ला दिसेल. आजीचा दुसरा दाखलाही खरा निघाला.

उलट, नुसते वार-तारखा जुळणारं जुनं कॅलेंडर हवं असेल तर २८ वर्षं मागे जा, मध्ये १९०० सारखं वर्ष येत नसेल तर. १९४२ आणि २०२६ मध्ये बरोबर २८ ची तीन आवर्तनं आहेत, त्यामुळे 'चले जाव'चा ९ ऑगस्ट १९४२ चा रविवार २०२६ च्या कॅलेंडरात तसाच सापडतो. सणवार मात्र त्यावरून पाहू नका.

आता पहाटेच्या घटना. यात मी स्वतः बऱ्याचदा फसलो आहे. किल्लारीचा भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी. वार काढला तर गुरुवार येतो. पण त्या भागातली माणसं सांगतात, "विसर्जनाच्या रात्री." अनंत चतुर्दशी होती बुधवारी, २९ ला. दोन्ही बरोबर आहेत, कारण इंग्रजी तारीख मध्यरात्री बदलते आणि आपला वार सूर्योदयाला. भरीस भर म्हणजे परदेशी भूकंपनोंदींमध्ये हा भूकंप २९ सप्टेंबरचा दिसतो, कारण त्या ग्रिनिचच्या वेळेने ठेवतात. कोयनेचंही तसंच: आपल्याकडे सोमवार ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, तिकडे १० डिसेंबर. आणि कुणी सांगितलं की माणूस चंद्रावर उतरल्याची बातमी सोमवारी सकाळी ऐकली, तर त्यांना खोटं पाडू नका. जग २० जुलै १९६९, रविवार म्हणतं, पण आर्मस्ट्राँगचं पाऊल पडलं तेव्हा भारतात सोमवारची सकाळ होती, साडेआठ वाजत आले होते.

याहून मागे गेलात तर गुंता वाढतो. शिवराज्याभिषेकाची तारीख ६ जून १६७४ आपण सगळे म्हणतो. फोनमध्ये टाका, बुधवार येईल. तो चूक आहे. ती तारीख इंग्रजांच्या जुन्या कालगणनेतली. ब्रिटिशांनी नवी कालगणना घेतली १७५२ मध्ये. २ सप्टेंबरचा बुधवार संपला आणि दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबरचा गुरुवार उजाडला. वारांची साखळी तुटली नाही, फक्त तारखा उडी मारून पुढे गेल्या. ही उडी ११ दिवसांची, पण सतराव्या शतकात फरक १० दिवसांचाच होता. म्हणून त्या शतकातल्या अशा तारखेत आधी १० दिवस मिळवायचे आणि मग वार काढायचा. सोळाशेच्या वर्षांचा आकडा ६. १६ जून १६७४: ७४, १८, १६, ४, ६, बेरीज ११८, बाकी ६, शनिवार. पोर्तुगीज १५८२ पासूनच नव्या कालगणनेवर होते, तेव्हा गोव्याच्या कागदात हाच दिवस १६ जून म्हणून सापडला तर दचकू नका. आणि जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याच्या सालवार नोंदींत, तर वार शुक्रवार दिलाय! कारण तिथेच आहे: तीन घटका रात्र उरली असताना महाराज सिंहासनावर बसले. घटका म्हणजे २४ मिनिटं. सूर्य उगवायला सव्वा तास अवकाश होता, पंचांगाचा शनिवार अजून लागायचा होता.

शक दिलेला असेल तर चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८ मिळवा, जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. पानिपत पौषातलं, शके १६८२, म्हणून १७६१. १४ जानेवारी, बुधवार. स्वतः करून पाहा.

आता त्या दिवशी काय काय घडलं ते. दिनविशेषाची पानं नेटवर ढिगाने आहेत आणि बरीचशी एकमेकांची नक्कल करतात, चुकांसकट. मराठी विकिपीडियावर वर्षातल्या प्रत्येक तारखेचं पान आहे, सुरुवात तिथून करायला हरकत नाही, शेवट तिथे करू नका. खरा ऐवज वर्तमानपत्रांत असतो. सकाळचं वर्तमानपत्र आदल्या दिवसाची हकिकत सांगतं, म्हणून १२ जुलैसाठी १३ चा अंक मागायचा, आणि मोठी घटना असेल तर पुढचा आठवडाभर चाळायचा. त्या वेळी कुठलं पत्र निघत होतं तेही बघा. 'सकाळ' १९३२ पासून, 'लोकसत्ता' १९४८ पासून. 'महाराष्ट्र टाइम्स' १९६२ मध्ये निघाला, त्यात पानशेत शोधायला जाल तर हात हलवत परत याल. 'केसरी' सुरुवातीला साप्ताहिक होता आणि मंगळवारी निघे. तेव्हाच्या एखाद्या शनिवारची बातमी हवी असेल तर पुढच्या मंगळवारचा अंक.

जुन्या मोठ्या वाचनालयांत या अंकांच्या बांधीव फाइली असतात. पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं आणि ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. जाण्याआधी फोन करून त्या वर्षाची फाइल आहे का, पाहायला देतात का ते विचारा. कागद तांबूस पडलेला असतो, पान कोपऱ्याला धरून उलटलं तर तुकडा हातात येतो. तळहात खाली घालून उलटा. आणि मथळ्यांवरच थांबू नका. भाजीचे भाव, सिनेमाच्या जाहिराती, हरवल्या-सापडल्याच्या चौकटी, पावसाचे आकडे यातून तो दिवस जास्त कळतो. पहिल्या पानावर पुढारी असतात, आपली माणसं आतल्या पानांवर.

जे सापडेल ते लगेच लिहून ठेवा: तारीख, वार, तिथी आणि कुणी सांगितलं. ही शेवटची गोष्ट लोक विसरतात आणि दहा वर्षांनी पुन्हा सगळं पहिल्यापासून सुरू होतं. मावशीचे आधार, पॅन, पेन्शन सगळे १ जूनवर आहेत, त्यांना मी हात लावला नाही. तिच्या लहानपणीच्या फोटोमागे पेन्सिलीने लिहिलं: सोमवार, १० जुलै १९६१. आजीच्या सांगण्यावरून. वार आणि अमावस्या ताडून पाहिली.