हृदयाची गोळी नवी सुरू झाल्यावर साखरेवर लक्ष कसे ठेवावे

घरातल्या मधुमेही माणसाला हृदयाची नवी गोळी सुरू झाली किंवा जुनीची मात्रा बदलली, की पुढचे काही आठवडे साखरेचे मोजमाप नेहमीपेक्षा काटेकोरपणे करावे लागते. इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी सासऱ्यांसाठी, म्हणजे अण्णांसाठी, हे काम मी बारा वर्षे करीत आहे. या काळात "त्या गोळीनेच साखर वाढते, बंद करा" हा सल्ला इतक्या जणांनी दिला, की आता तो ऐकला की मी विषयच बदलते.

सर्वप्रथम प्रत्येक पाकिटावरचे बारीक अक्षरातले घटक उतरवून घ्यावेत, कारण नावापुढे 'एच' असलेल्या रक्तदाबाच्या गोळीत बहुधा हायड्रोक्लोरोथायाझाइड हे लघवी वाढवणारे औषध असते आणि त्याने पोटॅशियम घटून साखर थोडी चढू शकते. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिननेही ती किंचित वाढते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2012 मध्ये तसा उल्लेख माहितीपत्रकात घालायला लावला, पण मधुमेह्याच्या हृदयाला स्टॅटिनपासून होणारा फायदा या वाढीपेक्षा बराच मोठा आहे. डापाग्लिफ्लोझिन हे मुळात मधुमेहाचे औषध, त्यामुळे हृदयासाठी दिलेले असले तरी साखर उतरवते. उलट्या होत असतील किंवा उपास असेल, तर ते घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

नंतर उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी साखर मोजून वहीत लिहावी. बोट साबणाने धुऊन कोरडे करावे, एवढेच.

खरी अडचण बीटा ब्लॉकरची आहे, म्हणजे हृदयाचे ठोके मंद करणाऱ्या मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, अटेनोलॉल यांसारख्या गोळ्यांची. या गोळ्यांनी साखर किती चढते याची चर्चा सगळे करतात. ती उतरलेली असताना कळत नाही, हे मात्र मला कोणी सांगितले नव्हते. साखर घसरली की शरीर अॅड्रेनलिन सोडते, त्यामुळे छाती धडधडते आणि हात थरथरतात, आणि नेमक्या याच दोन खुणा बीटा ब्लॉकर दाबून टाकतो. घाम मात्र वेगळ्या मार्गाने सुटतो, म्हणून तो दबत नाही.

अण्णांना मेटोप्रोलॉल चालू आहे. डिसेंबरातल्या एका सकाळी ते साखर उतरवणारे ग्लिमेपिराइड घेऊन बसले होते आणि पाहुणे आल्यामुळे पोह्यांना उशीर झाला. ते उगाचच चिडले, मग गप्प झाले. साखर उतरली की हात थरथरतात असे माहितीपत्रकात वाचले होते म्हणून मी त्यांचे हात पाहिले, तर ते अगदी स्थिर होते. सदऱ्याची कॉलर ओली दिसली, तेव्हा शाल जड होत असेल असे वाटून मी ती काढून घेतली आणि तशीच वीस मिनिटे घालवली. मग मोजले, तर मीटरवर 48 आले. तेव्हापासून माझा नियम ठरला आहे, की बीटा ब्लॉकर घेणाऱ्या माणसाला कारण नसताना घाम आला, तो चिडला किंवा उत्तर द्यायला वेळ लावू लागला, तर आधी बोट टोचायचे आणि कारणे नंतर शोधायची. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडच्या जातीच्या गोळ्या चालू असतील तरच हा धोका मोठा असतो. नुसत्या मेटफॉर्मिनवर साखर सहसा इतकी खाली जात नाही. बीटा ब्लॉकरांपैकी प्रोप्रॅनोलॉल असेल तर अधिक जपावे, कारण त्याने साखर परत वर यायलाही वेळ लागतो.

आकडा 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. आमच्या शहरात अशा वेळी जिलबी पुढे करण्याची हौस फार आहे, पण तिच्यातले तूप साखरेला रक्तात पोहोचायला उशीर लावते. जेवणातली साखर हळू शोषली जावी म्हणून देतात ते व्होग्लिबोज चालू असेल तर साधी साखरही लवकर लागू पडत नाही. ग्लुकोजची पावडरच हवी, आणि ती घरात तसेच फिरायला जाताना खिशात असावी. माणूस नीट गिळू शकत नसेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठावा.

बीटा ब्लॉकर मात्र स्वतःच्या मनाने कधीही एकाएकी थांबवू नये. तसे केल्यास छातीत दुखणे उसळू शकते आणि हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. वही हृदयाच्या आणि मधुमेहाच्या, दोन्ही डॉक्टरांना दाखवावी आणि कमी आलेल्या प्रत्येक आकड्यापुढे त्या दिवशी जेवण किती वाजता झाले ते लिहून ठेवावे. अण्णांच्या वहीत सगळे कमी आकडे उशिरा खाल्लेल्या सकाळींचे निघाले. त्यावरून ग्लिमेपिराइड दोन मिलिग्रॅमवरून एकवर आणले गेले; मेटोप्रोलॉल होते तितकेच राहिले.