घरासाठी बॅटरी घेण्यापूर्वीचा हिशेब

वीज गेल्यावर कोणती उपकरणे किती तास चालली पाहिजेत, हे कागदावर लिहून काढल्याशिवाय बॅटरीच्या दुकानात जाऊ नये. तेथे ‘किती एएचची (अँपिअर-तासांची) हवी?’ असे विचारले जाते आणि उत्तर माहीत नसलेला ग्राहक शेजाऱ्याने घेतली तीच बॅटरी घेऊन परततो.

यात दोन वेगळे आकडे लागतात. एका वेळी पडणारा भार वॅटमध्ये मोजतात आणि त्यावरून इन्व्हर्टर ठरतो. तोच भार किती तास चालवायचा यावरून वॅट-तास निघतात आणि बॅटरी ठरते. एक हजार वॅट-तास म्हणजे वीजबिलातले एक युनिट. वीजजाळ्याला जोडलेल्या अवाढव्य बॅटऱ्याही याच दोन आकड्यांनी ओळखल्या जातात. दक्षिण ऑस्ट्रेलियातील हॉर्न्सडेलची बॅटरी २०१७ मध्ये सुरू झाली तेव्हा १०० मेगावॅट व १२९ मेगावॅट-तासांची होती, म्हणजे पूर्ण भाराला जेमतेम सव्वा तास पुरणारी.

आता घराचे पाहू. ७५ वॅटचे तीन पंखे, ९ वॅटचे पाच दिवे, ८० वॅटचा टीव्ही आणि १० वॅटचा राउटर मिळून ३६० वॅट होतात. चार तासांसाठी १,४४० वॅट-तास लागतील. इन्व्हर्टरमध्ये साधारण १५ टक्के वीज वाया जाते असे धरले, तर बॅटरीतून सुमारे १,७०० वॅट-तास काढावे लागतील. व्होल्ट गुणिले एएच म्हणजे वॅट-तास, म्हणून १२ व्होल्ट, १५० एएचच्या लेड-ॲसिड बॅटरीत कागदोपत्री १,८०० वॅट-तास असतात, परंतु ती टिकावी असे वाटत असेल तर निम्मीच वापरावी. शिवाय तिच्यावरचे १५० एएच बहुधा वीस तासांच्या संथ वापरावर मोजलेले असतात. चार तासांत उपसल्यास तेवढे मिळत नाहीत. म्हणून अशा किमान दोन बॅटऱ्या लागतील. १२.८ व्होल्टची, १५० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ९० टक्क्यांपर्यंत वापरता येते, त्यामुळे एकीत काठोकाठ भागते.

मात्र तेच तीन पंखे ३० वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरचे) घेतले, तर भार २२५ वॅटवर येतो आणि १०० एएचची लिथियम बॅटरी पुरते. माझ्या मते बॅटरीआधी पंख्यांवर पैसे घालावेत, कारण त्यांची बचत वीज असतानाही चालूच राहते.

पाण्याचा पंप या जोडणीत घेऊ नये. एक अश्वशक्तीची मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट विद्युतप्रवाह खेचते आणि घरगुती इन्व्हर्टर तेथेच ट्रिप होतो.

जुन्या इन्व्हर्टरला लिथियम बॅटरी जोडण्यापूर्वी त्यात लिथियमसाठी वेगळी चार्जिंग सोय आहे का, ते पाहावे. लेड-ॲसिडसाठीचा जास्त व्होल्टेज मिळाल्यास बॅटरीचे संरक्षक सर्किट पुरवठा तोडते. दिवसातून दोनदा वीज जात असेल, तर चार्जिंगचा प्रवाहही तपासावा, कारण १५ अँपिअरने १५० एएच भरायला दहा तासांहून अधिक वेळ लागतो.

छतावर साधी ऑन-ग्रिड, म्हणजे वीजजाळ्याला जोडलेली, सौर यंत्रणा असेल, तर बाहेरची वीज गेल्यावर तीही बंद पडते. तारांवर काम करणाऱ्या लाइनमनच्या सुरक्षेसाठी ती तशीच बनवलेली असते. बॅटरीसह चालवण्यासाठी सौर पॅनेल, बॅटरी आणि बाहेरची वीज तिन्ही सांभाळणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो.

बॅटरीच्या धन टोकाजवळ योग्य क्षमतेचा डीसी फ्यूज परवानाधारक वायरमनकडूनच बसवून घ्यावा. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, म्हणून ती बंद कपाटात किंवा देवघराच्या दिव्याजवळ ठेवू नये.